शेवटची दोन गणितं

ट्वायला हफमनचं नाव काढलं की आमच्या गावात लोक म्हणतात, "हां, म्हणजे क्लेटनची बायको." मला ते ऐकून दर वेळी चीड येते. जिने त्या क्लेटनला हाताला धरून साइन आणि कोसाइन शिकवलं, तिची ओळख ही! पण ओहायोतली आमच्यासारखी गावं अशीच. कारखाना असतो तोवर माणसाला कारखान्याच्या नावाने ओळखतात, आणि कारखाना गेला की बाईला नवऱ्याच्या.

आम्ही दोघी कपडे धुण्याच्या यंत्रांच्या कारखान्यात होतो. मी दारांना बिजागऱ्या लावायची, ती ड्रम तपासायची. फिरत्या ड्रमवर तळवा धरून तो कुठे डोलतोय ते सांगायची. शेडला खिडकी नव्हती. हिवाळ्यात अंधारात आत जायचं, दिवसभर ट्यूबलाइटखाली उभं राहायचं आणि अंधारातच बाहेर यायचं. ट्वायला म्हणायची, "नोरीन, मला एक नोकरी अशी हवी, की मान वर केली तर आभाळ दिसावं."

"मग गुरं राख," मी म्हणायची.

मग एक दिवस कारखाना परदेशी गेला आणि आम्ही इथेच राहिलो. सरकारने सांगितलं, कम्युनिटी कॉलेजात जा, नवीन काहीतरी शिका, शिकताय तोवर बेकारभत्ता चालू राहील. एखाद्या विषयात नापास झालात तर मात्र बंद. मी त्या भानगडीत पडले नाही. मला त्याच कॉलेजच्या कँटीनमध्ये सूप वाढायची नोकरी मिळाली, आणि माझ्यासारखीला तेवढी पुरे. ट्वायला आणि तिचा नवरा क्लेटन या दोघांनी जमीनमोजणीचा अभ्यासक्रम घेतला. ट्वायलाने घेतला आभाळासाठी. क्लेने घेतला, कारण ट्वायलाने त्याचाही फॉर्म भरला म्हणून.

मोजणी शिकायची तर आधी त्रिकोणमितीची पायरी ओलांडावी लागते. कॅल्क्युलसच्या अलीकडचं ते गणित. पन्नाशीच्या माणसांना ते म्हणजे दात काढून घेण्यासारखं. निम्मे लोक पहिल्याच महिन्यात माझ्या काउंटरपाशी येऊन रडून गेले. ट्वायला मात्र खुलली. एकदा वहीत साइनची नागमोडी रेघ काढून ती मला दाखवायला आली. "नोरीन, बघ ना. हा आपला ड्रमच आहे. इतकी वर्षं मी तळव्याने हेच बघत होते, आणि ह्याला नाव आहे हे मला कोणी सांगितलंच नाही." तिचा चेहरा मी लग्नातही तसा पाहिला नव्हता, आणि तिच्या लग्नात मी करवली होते.

क्लेचं तसं नव्हतं. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरं बोलेन याची खात्री नाही. फोर्कलिफ्ट चालवायचा, हसरा, कुणाच्याही ट्रकला ढकलायला पुढे. पण आकडे दिसले की घाम फुटायचा. ट्वायलाने फ्रिजच्या दारावर मोठ्ठं वर्तुळ काढून चिकटवलं, कडेने सगळे कोन लिहिले. दूध हवं असेल तर आधी एका कोनाचं साइन सांगायचं, मग दार उघडायचं, असा तिचा कायदा. क्ले महिनाभर काळी कॉफी प्यायला.

मग तिने त्याला बाहेर काढलं. कोनमापकाला एक नळी चिकटवली, दोऱ्याला नट बांधून लोंबता सोडला, आणि शनिवारी त्याला गावाच्या पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली. "नळीतून टाकीचं टोक बघ. आता दोरा कुठे आलाय? हां. आता मागे चालत जा, तिथून परत बघ." शनिवारमागून शनिवार ते चाललं. जाणारे येणारे ट्रक भोंगा वाजवून विचारायचे, "क्ले, टाकी विकत घेतोयस का रे?" तो लाजायचा, पण उभा राहायचा. एवढं मात्र खरं.

आता घोडं पेंड कुठे खातं ते सांगते. कॉलेजात मार्क द्यायची एक रीत आहे, तिला कर्व्ह म्हणतात. पेपर फार कठीण गेला, तर वर्गात सगळ्यात जास्त ज्याला मिळाले त्याचे शंभर धरायचे, आणि त्याला शंभराला जितके कमी पडले तितके सगळ्यांना वाटायचे. पहिल्याला ऐंशी असतील तर प्रत्येकाला वीस फुकट. म्हणजे वर्गातला हुशार माणूस जितका चुकेल, तितकं ढ माणसाचं भलं. ही रीत ज्याने काढली त्याने वर्गातल्या हुशारांचं आयुष्य नासवलं.

त्यांचे गणिताचे मास्तर डेलुका. तीन कॉलेजांत तासांवर शिकवायचे, जेवण गाडीत बसून करायचे, आणि फार पोरं नापास झाली तर पुढच्या सत्रात बोलावणं यायचं नाही म्हणून कर्व्ह लावायचे. सहामाहीला ट्वायलाला अठ्ठ्याण्णव पडले. सगळ्यांना मिळाले दोन. निम्मा वर्ग गडगडला.

दुसऱ्या दिवशी ती ट्रे घेऊन आली तेव्हा ज्या टेबलाशी ती रोज बसायची, तिथल्या लोकांनी खुर्च्यांवर दप्तरं ठेवली होती. नर्सिंगला जाऊ पाहणारी एक बाई मोठ्याने म्हणाली, "काही लोकांना शंभरातले शंभर लागतात बुवा. दुसऱ्याच्या पोटावर पाय आला तरी चालेल." ट्वायला माझ्या काउंटरपाशी उभ्यानेच जेवली. मी त्या बाईला सूप देताना तळाचं पाणचट दिलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

क्लेला सहामाहीला पन्नासच्या आत पडले होते. शेवटच्या पेपरात सत्तर झाले नाहीत तर नापास, आणि नापास तर भत्ता बंद. ट्वायलाचं गणित वेगळं होतं. आमच्या कौंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मोजणी खातं दर वर्षी त्या वर्गातून एकालाच शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यायचं, जो शेवटच्या पेपरात पहिला येईल त्याला. पगार, आजारपणाचा विमा, आणि सगळं काम उघड्यावर, शेतांतून, ओढ्यांतून. ट्वायलाने बूटसुद्धा बघून ठेवले होते. विकत घेतले नव्हते. "नजर लागते," म्हणायची.

पेपरच्या आधीच्या आठवड्यात दोघं माझ्या काउंटरलगतच्या टेबलाशी बसले होते. क्ले चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्शाच्या, वाडग्यात खारी बिस्किटं चुरत होता. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीही टेकले होते.

"ट्वाय, एक बोलू? चिडणार नाहीस ना?"

"म्हणजे चिडण्यासारखंच असणार."

"शेवटची दोन गणितं सोडून दे."

तिने चमचा खाली ठेवला. "काय?"

"ऐक तर. शेवटची दोन मोठी असतात, वीस मार्कांची. तू ती केलीस तर तुला अठ्ठ्याण्णव. आम्हाला काय, दोन? मी मेलो. सोडलीस तर तुला अठ्ठ्याहत्तर, ऐंशी. तरी वर्गात तूच पहिली, बाकीच्यांची साठीतच दमछाक होते. तुझे शंभरच धरणार. नोकरी तुझीच. आणि मला वीस मिळाले तर मी तरतो. सगळेच तरतात. परत कोणी तुझ्या खुर्चीवर दप्तर ठेवणार नाही."

हिशेब बरोबर होता, हेच वाईट. ट्वायला बराच वेळ टेबलावर बोटाने त्रिकोण काढत राहिली.

"आणि कोणी माझ्या वर गेलं तर?"

"कोण जाणार?" क्ले हसला. "मी?"

आम्ही तिघंही हसलो. मला तर हसून ठसका लागला. ट्वायला हसता हसता म्हणाली, "बरं बाबा. सोडते." आणि त्याच्या वाडग्यातलं एक बिस्किट उचलून खाल्लं.

पेपर झाला. ट्वायला लवकर बाहेर आली, कारण लिहायचं थोडं होतं. माझ्याकडून कॉफी घेतली, खिडकीपाशी बसली. "शेवटचं गणित टाकीचं होतं गं," ती म्हणाली. "दोन ठिकाणांवरून उंची काढायची. डोळे मिटून आलं असतं." मग कॉफी ढवळत बसली. क्ले सगळ्यांत शेवटी आला. कान लाल, केस उभे. "कसा गेला?" तिने विचारलं. "बरा," म्हणाला, आणि सफरचंदाच्या पाईचे दोन तुकडे खाल्ले.

चार दिवसांनी डेलुका मास्तर चक्क कँटीनमध्ये आले. एरवी गाडीत बसून डबा खाणारा माणूस. सरळ हफमनांच्या टेबलाशी गेले आणि क्लेचा हात धरून हलवायला लागले. "मिस्टर हफमन! एक्क्याण्णव! वर्गात पहिले! सप्टेंबरात तुम्हाला कोन कशाशी खातात ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं शिकवतोय, असं कधी पाहिलं नाही."

मग ट्वायलाकडे वळले, आवाज खाली आणला. "मिसेस हफमन, तुम्हाला बरं नव्हतं का? शेवटची दोन कोरी. मी कागद उलटून उलटून बघितला, मागे कुठे सोडवलीत का म्हणून."

"नाही," ट्वायला म्हणाली. "बरी होते."

तिचे अठ्ठ्याहत्तर. वर कर्व्हचे नऊ. सत्त्याऐंशी. क्लेचे शंभर. मास्तर गेले. मी कढई घासायचं सोडून तिथेच उभी राहिले. मला लाज वगैरे वाटत नाही अशा वेळी.

"पहिली सगळी जमली, ट्वाय," शेवटी क्ले म्हणाला. "तू घोटून घेतलेलीच आली होती. मग शेवटचं वाचलं, आणि... दिसली. आपली टाकी. मी जिथे उभा राहायचो ते गवतसुद्धा दिसलं. मला कळत होतं की करू नये. पण आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं गं. हात थांबेना."

ट्वायलाचे डोळे भरले. मला वाटलं, आता ही त्याच्या अंगावर चिली ओतणार. मी असते तर ओतली असती. पण तिने त्याच्या हातावर हात ठेवला. नंतर मला म्हणाली, "त्या गणिताचा मला राग नाही, नोरीन. खरं सांगू? ऐकून बरंच वाटलं. मीच शिकवलं ना. आणि तो काही ती नोकरी घेणार नाहीये. सांगेल त्यांना, माझ्या बायकोला घ्या म्हणून. दुसरा नंबर माझाच आहे."

मी क्लेला शाळेपासून ओळखते. त्याला कुणी ताट वाढलं तर तो ते कुणाचं आहे विचारत नाही.

तरी ती एकदा मास्तरांकडे गेली, पेपर परत देता येईल का विचारायला. ते म्हणाले, "नापास झाला असतात तर बसता आलं असतं. पास झालेल्याला तोच विषय परत घेता येत नाही." म्हणजे आणखी वाईट करायला हवं होतं! असले कायदे करणाऱ्यांना एकदा आमच्या शेडमध्ये ड्रम तपासायला उभं करायला हवं होतं.

जूनमध्ये एका दुपारी आम्ही दोघी तिच्या ओसरीवर वाटाणे सोलत होतो. आत फोन वाजला. क्लेने घेतला. हो, हो सर, नक्की सर, असं ऐकू आलं. मग तो जाळीचं दार ढकलून बाहेर आला.

"मोजणी खात्याचा होता," तो म्हणाला. "सोमवारपासून ये म्हणाले."

ट्वायलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"माझं सांगितलंस?"

"ट्वाय, ते पहिल्यालाच घेतात. मी नाही म्हटलं आणि त्यांनी भलत्यालाच घेतलं तर? हातचं जायचं." तो पायरीवर बसला, पण तिच्याकडे बघेना. "आणि घर एकच ना? तू काय, मी काय. विमा तुलाही लागतोच. त्यातून उन्हातान्हात, चिखलात, तुला कुठे झेपलं असतं?"

तिने ती शेंग सोलली. मग दुसरी घेतली. क्ले थोडा वेळ बसला आणि लॉनला पाणी घालायला निघून गेला.

आयत्या बिळावर नागोबा! मी तेच म्हणाले, चांगलं मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं. ट्वायला म्हणाली, "जाऊ दे, नोरीन." सगळ्या जगातल्या बायकांच्या तोंडातून हे दोन शब्द काढून घ्यावेत असं मला वाटतं.

पुढचं सांगायला फार नाही. क्लेला केशरी जाकीट मिळालं. बूट त्याने घेतले, तेच, जे तिने बघून ठेवले होते, पुरुषी मापाचे. गावात लोक त्याला "मोजणीदार" म्हणायला लागले. कुणी विचारलं, एवढं गणित या वयात कसं काय, तर म्हणायचा, "काय माहीत. एक दिवस डोक्यात उजेड पडला." ट्वायलाला स्वस्त मालाच्या एका दुकानात नोकरी लागली. मागच्या गोदामात खोकी फोडायची. खिडकी नाही. डोक्यावर ट्यूबलाइट.

आणि संध्याकाळी क्ले कौंटीचे कागद घरी आणायचा. टाकीचं एक गणित आलं म्हणून सगळंच येतं असं थोडंच आहे? "ट्वाय, हा कोन बघतेस का जरा? जमत नाहीये." ती जेवणाची भांडी बाजूला सारून बघायची. सोडवायची. सकाळी तो घेऊन जायचा, आणि साहेब खूश. फ्रिजवरचं वर्तुळ अजून तिथेच होतं. दूध काढायला आता कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

"तू करतेस कशाला?" मी एकदा भडकून विचारलं.

"सोडवता येतात म्हणून," ती म्हणाली. "तेवढा वेळ बरं वाटतं."



आमच्याकडे शुक्रवारी फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये युकर खेळतात. पाच पाच पत्ते, चौघं, समोरासमोर भिडू. मी आणि माझा भाऊ ओटिस एकीकडे, ट्वायला आणि क्ले दुसरीकडे, हे लग्नाआधीपासूनचं. या खेळात एक गंमत आहे. हातात जोरदार पत्ते आले तर हुकूम सांगतानाच "एकटा" म्हणायचं. मग भिडूने आपले पत्ते उपडे ठेवायचे आणि गप्प बसायचं. त्याच्या हातात हुकमाचा गुलाम, म्हणजे या खेळातला सगळ्यात मोठा पत्ता, असला तरी काही उपयोग नाही. एकट्याने पाचही हात नेले तर गुण चौपट. क्लेला "एकटा" म्हणायची भारी हौस. इतकी वर्षं तो म्हणायचा, ट्वायला पत्ते उपडे ठेवायची आणि सगळ्यांची कॉफी आणायला उठायची. तिच्या हातात काय होतं हे आम्हाला कधी कळलंच नाही. कुणी उचलून बघितलं नाही.

त्या ऑक्टोबरात डाव रंगला होता, दोन्हीकडे आठ आठ, दहाला खेळ संपणार. क्ले खुशीत होता. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "मोजणीदार, जरा या टेबलाचा कोन काढ, ग्लास घसरतोय!" आणि सगळा हॉल हसला. पत्ते वाटले. हुकूम सांगायची पाळी ट्वायलावर आली. तिने आपले पत्ते बघितले, मिटले.

"इस्पिक," ती म्हणाली. "आणि मी एकटी."

ती आजवर कधी एकटी खेळली नव्हती. ओटिसने माझ्याकडे बघितलं. क्ले म्हणाला, "अगं, थांब. माझ्याकडे..."

"पत्ते उपडे ठेव, क्ले."

"अगं पण माझ्याकडे चांगले..."

"एकटी म्हटलंय ना मी."

त्याने ठेवले. पहिला हात ओटिसने नेला. दुसरा मी नेला. तिसऱ्याला तिने नव्वी टाकली, या खेळातला सगळ्यात हलका पत्ता, आणि मला कळलं की तिच्या हातात काहीच नाही. इस्पिकची दशी होती तीच काय ती. आम्ही पाचही हात नेले. हुकूम सांगणारा बुडाला की समोरच्यांना दोन गुण, म्हणजे आमचे दहा आणि खेळ खलास. मी जिंकून इतकं वाईट तोंड करून कधी बसले नव्हते.

क्लेने आपले पत्ते उलटून टेबलावर आपटले. हुकमाचा गुलाम, त्याच्या खालोखालचा किलवरचा गुलाम, दोन एक्के. "बघ! बघ काय होतं माझ्याकडे! बसल्या बसल्या जिंकलो असतो. असले पत्ते घेऊन कोणी एकटं खेळतं का? डोकं फिरलंय का तुझं? जिंकायचं नव्हतं का?"

"नव्हतं," ट्वायला म्हणाली. तिने ते त्याचे पत्ते सरळ केले, एकाखाली एक नीट लावले, आणि पुन्हा उपडे ठेवले. "मला फक्त एकदा तुला असे चांगले पत्ते झाकून बसलेलं बघायचं होतं."

मग ती कॉफी आणायला उठली. एकच कप आणला.